टॉप व्ह्यू पायांखाली

तमाम पेणकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, गणपतीचं डोकं त्याच्या पायांखाली काढल्याने कसलाही कोप होत नाही. मी स्वतः काढलेलं आहे, चांगल्या टोकदार पेन्सिलीने, आणि अजून धडधाकट आहे.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. बाबा साच्यांपाशी. आई डोळ्यांची आखणी करायची, त्यामुळे तिचा रुबाब कलेक्टरचा. उंदराचा साचा वेगळा. मूर्ती गिऱ्हाइकाच्या हाती जायच्या वेळी, अगदी शेवटी, उंदीर जागेवर बसायचा. माझ्याकडे पितांबर. म्हणजे पिवळा रंग, मग पिवळा, मग दम खाऊन पुन्हा पिवळा.

त्या पिवळ्यातून सुटायला मी रोह्याला ड्राफ्ट्समनचा कोर्स धरला. वर्ष संपत आलं तेव्हा धाटावच्या एका कंपनीत अप्रेंटिसची एक जागा निघाली. त्यासाठी ड्रॉइंगची परीक्षा होती. बाबांनी निकाल आधीच लावून टाकला, "घेतलं तर कंपनी. नाय घेतलं तर पितांबर."

अडचण एकच होती. वस्तू समोरून दिसते तो फ्रंट व्ह्यू, वरून दिसते तो टॉप व्ह्यू, इथवर ठीक. पण सर सांगायचे की टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली काढायचा, आणि डावीकडून पाहिलेलं उजवीकडे. हे कुणाच्या घरचं शास्त्र? मूर्तीचं डोकं वर असतं, हे पेणमध्ये पाळण्यातलं पोरही सांगेल! त्यामुळे साधा ठोकळा दिला तरी माझा हात टॉप व्ह्यू थेट वर नेऊन ठेवायचा आणि सर त्यावर लाल फुली मारायचे. "पाठ कर!" म्हणायचे. पाठ केलं की नेमकं उलटं आठवायचं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी कारखान्याच्या दारात उभी राहून आईपाशी रडगाणं लावलं. ती एका मूर्तीचे डोळे आखत होती.

"सरक गो! देवावर सावली पाडतेस."

मी सरकले. माझी सावली गेली आणि देवाची पडली. मूर्तीसमोर बसलेल्या आईच्या डावीकडे दार, म्हणून उजव्या भिंतीवर: सोंड, पोट, सगळं बाजूने. मी वर पाहिलं. छपराला उजेडासाठी बसवलेलं काचेचं कौल. खाली पाहिलं. पाटाभोवती जमिनीवर खांद्यांची मऊ, गोल सावली. म्हणजे आपण जिथून बघतो, त्याच्या पलीकडे कागद! डावीकडून पाहिलं तर तो उजव्या भिंतीवर, वरून पाहिलं तर जमिनीवर.

"आई! देवाचं डोकं पायांखाली!"

"तुझं हाय का जागेवर?" आई म्हणाली, पण ब्रश हलला नाही.

दुसऱ्या दिवशी धाटावला ठोकळे मी गाणं गुणगुणत सोडवले. परीक्षा घेणारे साहेब रोह्याचेच होते, चेहरा मात्र असा, जणू हसू त्यांनी घरी कुलपात ठेवलेलं. ते म्हणाले, "आता घरातली कुठलीही वस्तू काढा. तीन बाजूंनी."

आमच्या घरात वस्तू म्हणजे काय असणार? मध्ये गणपती काढला. उजवीकडे सोंड आणि पोट. मग मनातल्या मनात कान पकडले आणि त्याच्या पायांखाली वरून दिसणारा मुकुट आणि खांदे काढले.

साहेबांनी कागद उचलला. जवळ धरला. लांब धरला. लाल पेन्सिल हवेत तरंगत राहिली. माझ्या डोळ्यांसमोर सगळीकडे पिवळं पिवळं दिसायला लागलं.

"चुकलं का साहेब?"

"व्ह्यू तिन्ही जागेवर आहेत," ते म्हणाले. "एक तारखेपासून या." आणि कागद खाली ठेवता ठेवता पुन्हा उचलून, कुलूपबिलूप विसरून, एकदम ओरडले, "पण उंदीर कुठाय गो?"