बुडालेली पोपटी

ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही: ऐरोलीच्या आमच्या कंपनीत मी उपाध्यक्ष झालो, तो एक पोपटी बुडवून.

(पोपटी म्हणजे पक्षी नव्हे. आमच्या कर्जत-खालापुराकडे वालाच्या शेंगा भरल्या की शेतातच मडकं लावतात. आत भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. शिजलं का, हे बघायला तापल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब टाकतात. मी चार थेंबांऐवजी अख्खी बोअरवेल पाठवली!)

आमची कंपनी शेतातल्या मोटरी लांबून चालवायचं सॉफ्टवेअर करते. पहिलं यंत्र मी मोठ्या हौसेनं दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या शेतावर बसवलं.

“दादा, आता घरात बसून मोटर लावायची.”

“घरूनच लावली, तर शेतावर जायाला निमित काय सांगू तुज्या वहिनीला?”

त्यानं ॲप कधी उघडलंच नाही. बटन दाबायला तो आपला चालत जायचा. ॲप उरलं एकट्या माझ्या फोनवर.

त्या हिवाळ्यात माझ्या पुतणीला, रूपालीला, बघायला नेरळहून पाहुणे येणार होते. पोपटी लावावी तर दादानंच, असा गावात त्याचा लौकिक. तेव्हा पाहुण्यांना बैठकीत कांदेपोहे नाहीत, शेतात पोपटी! सकाळीच त्याचा फोन आला.

“चार वाजता मडकं लावतो. तू ये रं, सुभाष.”

“मीटिंग आहे, दादा. बघतो.”

फोन ठेवला आणि मी पोपटी विसरलो. साफ विसरलो!

त्या दिवशी पाहुणे माझ्याकडेही होते, परदेशी. कंत्राट अडून बसलं होतं. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, हे खेड्यात चालतं का? माझ्यातला शेतकरी एकदम जागा झाला. (तोवर तो पंधरा वर्षं एसीत झोपला होता.) “आत्ता दाखवतो!” म्हणालो आणि बटन दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: मोटर चालू, पाण्याचा दाब उत्तम. टाळ्या!

तिकडे शेतावर दादानं पोपटीला जागा करायला पाइप ओढून बांधावर टाकला होता, तोंड नेमकं जाळाकडे. दाब खरोखरच उत्तम होता. जाळ फस्सकन विझला, मडकं फुटलं, आणि काळ्या राखेच्या ओढ्यातून वालाच्या शेंगा तरंगत पाहुण्यांच्या चपलांपर्यंत गेल्या.

“अवो, मोटर! मोटर बंद करा!” वहिनी ओरडली. दादा धावला, त्यानं मोटर बंद केली.

माझ्या पडद्यावरही आलं: मोटर बंद. सगळे माझ्याकडे बघायला लागले. “पाणी पुरेसं झालं की आमचं यंत्र ते ओळखून आपोआप थांबतं,” मी ठोकून दिलं. त्यावर तर ते उठून उभे राहिले! कंत्राट मिळालं. (ती सोय खरोखर बनवायला आम्हाला पुढे आठ महिने लागले.)

संध्याकाळी माझ्या हातात पेढा असताना दादाचा फोन आला. त्यानं सगळं सांगितलं आणि पेढा तोंडापर्यंत गेलाच नाही.

“मडकं लावायच्या आधी मोटर मी बंद केली व्हती रं. नक्की केली व्हती. तुजी वहिनी म्हनते, लाइट गेली तवा बटन तसंच ऱ्हायलं आनि लाइट आल्यावर सुरू झाली. तुज्या ॲपात लिवलेलं आसंल ना? बघून सांग.”

ॲपात लिहिलेलं होतं. चार वाजून बावीस मिनिटं, आणि पुढे माझं नाव. शेजारी माझे साहेब हात पुढे करून उभे होते, अभिनंदनाला.

“दादा,” मी म्हणालो, “बटन चालूच राहिलेलं दिसतंय.”

मग तो म्हणाला, “मशिन कशाला खोटं बोलंल? मंग मीच इसरलो आसंन.”

सोयरीक जमली. व्याही भला माणूस. “पोपटीचं सूप पाजलंत की!” म्हणून हसला. लग्नात मात्र त्यानं चारचौघांत विचारलं, “मुहूर्त तरी आठवनीत हाय ना, व्याही?” मांडव हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी.

दादा तेव्हापासून अक्रोड खातो. गॅस तीनदा बघतो. मोटरसायकलची चावी त्यानं आपणहून वहिनीकडे दिली. वहिनीनं कर्जतला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, या वयात एवढी चांगली स्मरणशक्ती बघायला मिळत नाही. दादानं ऐकून घेतलं. बाहेर येऊन म्हणाला, “डॉक्टरला काय ठावं? मशिननं सांगितलंय.” (मी कॉलेजांत जाऊन विश्वासार्ह तंत्रज्ञानावर भाषणं देतो. शाल आणि नारळ मिळतो.)

यंदा मी मुद्दाम पोपटीला गेलो. मडकं चुलतभावानं लावलं. दादा लांब बांधावर बसला होता. कोणी विचारलं, “किती येळ ठेवायचं, दादा?” तर तो म्हणाला, “मला नका इचारू, मी इसरतो.” शेंगा कच्च्या निघाल्या. मी त्या कचाकचा चावून खाल्ल्या आणि म्हणालो, झकास!

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण उपाध्यक्षाची जात! आधी लेखी मसुदा, मग धीर. तो मसुदा म्हणजे हे.

दादाला मी एक वाक्य देणं लागतो: “तू काहीच विसरला नव्हतास, मोटर मी लावली.” ते वहिनीसमोर आणि व्याह्यांसमोर बोलायचं आहे. अजून बोललेलो नाही.