पंपाचा थेंब

माझ्या सासऱ्यांना गळणारी वस्तू खपायची नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर होते. अडून बसलेले माग त्यांचा हात लागला की मुकाट चालत. आणि त्यांच्याच घरी, भवानी पेठेत, आडावरचा पंप टपटप गळत होता. मोटारीचा दांडा पंपात शिरतो तिथून. सासूबाईंनी खाली कासंडी ठेवली होती. दुपारपर्यंत ती भरायची आणि ते पाणी परसातल्या बेलाच्या रोपाला जायचं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. मला सातवा महिना लागला होता. पंप चालतोय तोवर मला घागर घेऊन कोपऱ्यावरच्या नळाला जावं लागणार नव्हतं. त्या यंत्राशी माझा संबंध एवढाच.

शेजारणीनं सहज विचारलं, जॉबरच्या घरातच गळती कशी. झालं. रविवारी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कारखान्यातलं सूत आणलं, त्याची वेणी घातली, ग्रीसमध्ये बुडवून दांड्याभोवती ठासली आणि वरचे नट आवळले. थेंब थांबेना म्हणून आणखी आवळले. सासूबाईंनी मेस्त्रीला बोलवावं असं सुचवून पाहिलं. पण उभा जन्म सुतात गेलेल्या माणसाला सुताबद्दल कोण सांगणार? संध्याकाळी पंपाखालची फरशी कोरडी ठणठणीत होती. कासंडी त्यांनी स्वतः उचलून फळीवर ठेवली.

चौथ्या दिवशी जळक्या सुताचा वास आला आणि मोटार घुमत जागीच अडकली. मेस्त्रीनं वेणी उकरून काढली, ती कोळशागत काळी झालेली. दांड्यावर चर पडला होता. दुरुस्तीला आठवडा लागणार होता.

"हितनं जरा गळू द्यावंच लागतंय की, जॉबर," मेस्त्री म्हणाला. "त्या थेंबावरच दांडा गार ऱ्हातोय."

मला संताप आला. मामांचं नाक वर राहावं म्हणून मी पोट सांभाळत रांगेत उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुसफुसतच घागर घ्यायला गेले, तर ती जागेवर नव्हती. दारात आले तर मामा नळावरून येत होते, खांद्यावर घागर, हातात बादली. आमच्या पेठेत पुरुषमाणूस बायकांच्या त्या रांगेत उभा राहत नसे. आठवडाभर त्यांनीच पाणी भरलं.

पंप परत बसला. मेस्त्रीनं नट आवळले, ते मामांनी अर्धा फेरा सैल करायला लावले. थेंब पडू लागला. मग त्यांनी फळीवरची कासंडी काढून खाली ठेवली आणि मला हाक मारली.

"बग की पोरी, नीट गळतंय न्हवं?"