गिबोनकरांचं पाणी

मालनबाई पठारे नाना पेठेत राहतात. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य गेलं. आता दर गुरुवारी चर्चमधल्या बायकांना बायबल शिकवतात.

घरामागे त्यांची विहीर आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हुसेनभाई नावाचा माणूस बायकोला, सुरय्याला, घेऊन मागच्या गल्लीत राहायला आला. लांबच्या गावचे आहोत, पुरात घर गेलं, असं त्यानं सांगितलं. मालनबाईंच्या यजमानांनी, बापूरावांनी, मागच्या भिंतीतलं छोटं दार उघडून दिलं. "इथून खुशाल पाणी भरा. माझ्या घरचं कुणी अडवणार नाही, देवासमोर सांगतो."

महिन्याभरात कळलं, की गृहस्थ शेजारच्याच पेठेतला. पूर वगैरे सगळं खोटं. मालनबाई चिडल्या, तर बापूराव म्हणाले, "शब्द काय त्याचं खरंखोटं बघून दिला होता? देवासमोर दिलाय."

बापूराव गेले. मग मुलानं, अभयनं, ते दार विटांनी बुजवलं. "परक्यांची ये-जा नको, आई. दिवस बरे नाहीत." मालनबाई गप्प बसल्या. त्याच उन्हाळ्यात पलीकडे हुसेनभाईही वारले.

त्यानंतर दुपारी विहिरीचा रहाट वाजू लागला.

दोर कधीच काढून ठेवलेला होता. तरी आधी किरकिर, मग पाण्यात बादली पडल्याचा आवाज. बाहेर जावं तर कुणी नाही. फक्त काठाच्या दगडावर कळशी टेकवल्यासारखं ओलं वर्तुळ. पेठेतल्या बाकीच्या विहिरी भरलेल्या, आणि हिचं पाणी रोज खाली चाललेलं. अभयनंही आवाज ऐकला. "मांजर असेल," म्हणाला, पण मागच्या अंगणात जाणं त्यानं सोडलं.

एका गुरुवारी वाचनात शौलाची गोष्ट आली. गिबोनकर लांबच्या देशाचं सोंग घेऊन आले होते, तरी इस्राएलानं त्यांना अभयवचन दिलं. पुढे शौल राजानं ते मोडलं आणि त्याच्यानंतर दावीद राजाच्या काळात देशावर दुष्काळ पडला. इथवर मालनबाईंनी नीट सांगितलं. पण शौलाच्या पापासाठी त्याच्या वंशातल्यांचे जीव गेले, या ओळीवर त्यांनी पुस्तक मिटलं. डोळ्यांपुढे अभय आला.

घरी येऊन त्या सरळ मागच्या भिंतीपाशी गेल्या. विटा ओल्या, गार लागल्या. पलीकडे कुणीतरी भिंतीला टेकून धापा टाकत होतं.

"सुरय्या?" त्यांनी बोटानं टकटक केली.

पलीकडून तशीच टकटक आली.

चपला घालून त्या गल्ली वळून गेल्या. सुरय्याच्या दाराला कुलूप होतं. तेवढ्यात ती रिक्षातून उतरली. "घरात कोण आहे?" मालनबाईंनी विचारलं. "कात्रजला लेकीकडं, मेहजबीनकडं गेले होते, वहिनी. घरात तर कुणीच नाही. काय झालं?"

मालनबाई म्हणाल्या, "आमच्या घरानं शब्द मोडला, सुरय्या. काय केलं म्हणजे तुझ्या मनातून जाईल?"

सुरय्यानं दाराचं कुलूप हातात धरलं. "हे शेवटी शेवटी रोज दुपारी विचारायचे, दार उघडलं का? मी म्हणायचे, उद्या उघडतील."

संध्याकाळी आईनं दार उघडायला सांगितलं, तेव्हा अभय भांडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच पहार घेतली. विटा काढताना दोनदा दचकून मागं वळला. मागं फक्त आई होती. त्या दुपारी रहाट वाजला नाही. पाणी मात्र लगेच चढलं नाही. त्याला पुढचा पावसाळा यावा लागला.

पुढच्या गुरुवारी मालनबाईंनी बायकांना सगळं सांगितलं. "दावीदानं आधी देवाला विचारलं, मग उठून गिबोनकरांना विचारलं, तुमच्यासाठी काय करू. मी इतके दिवस नुसतीच देवाला विचारत होते."

प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले, तेव्हा त्यांच्यातल्या द्वारकाबाई हळूच उठल्या आणि पदर सावरत बाहेर पडल्या. कुणाकडे काय विचारायला गेल्या, ते कुणी विचारलं नाही.