न पडलेला किल्ला

सुरतमध्ये माणसाचं नाव विचारण्याआधी धंदा विचारतात. मी "इतिहास शिकवते" म्हटलं की समोरचा खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारतो, "एमां शुं मळे?" त्यात मिळतं काय? भांडणं मिळतात, मी सांगते. बक्कळ मिळतात.

पहिलं भांडण मला शाळेतच मिळालं, आणि तेही फुकट. आम्ही शिरपूरकडचे. वडील सुरतच्या डिंडोली भागात राहून दुसऱ्याच्या मालकीचे लूम चालवायचे. मला त्यांनी गुजराती शाळेत घातलं, कारण ज्या गावाचं पाणी प्यायचं त्या गावाची भाषा यायला हवी, असं त्यांचं म्हणणं. सुरतच्या लुटीचा धडा आला आणि अख्ख्या वर्गानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मधल्या सुट्टीत एकीनं विचारलं, "तुमच्या लोकांनी आमचं सोनं नेलं ते कुठे ठेवलंय?" त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत महाराजांच्या जयंतीचा मंडप पडला आणि तीच लूट लाउडस्पीकरवरून पराक्रम म्हणून गाजली. म्हणजे सकाळी मी चोर आणि संध्याकाळी वीर. दोन्ही वेळा मला कुणी काही विचारलं नाही. वडील सुरत लुटायला आले असते तर भाड्याच्या एका खोलीत पाच माणसं कशाला झोपली असती, एवढा साधा प्रश्न त्या वयातही मला पडत होता.

त्यात माझा रंग. घरात लाडानं काळी म्हणायचे, बाहेर लाड वगळून. पुढे पाहुणे यायचे, पोहे खायचे, शिक्षणाचं कौतुक करायचे आणि "रंगाचं जरा..." असं मध्यस्थाकरवी कळवायचे. आई बेसन-हळद कालवून ठेवायची. एके दिवशी मी ती वाटी घेऊन त्याची भजी तळली. सगळ्यांनी खाल्ली, आणि चांगली झाली होती.

इतिहास घेऊन बीए, मग बीएड केलं आणि डिंडोलीतल्याच एका खासगी शाळेत लागले. शाळा पूर्वी मराठी माध्यमाची होती. आई-बापांनीच मुलांना गुजरातीत घालायला सुरुवात केली म्हणून हळूहळू गुजराती झाली. नोकरीसाठी माझ्याबद्दल शब्द टाकला तो शाळेच्या अध्यक्षांनी. धुळ्याकडचे, स्वतः कधीकाळी लूमवर उभे राहिलेले, आता चाळीसेक लूमचे मालक आणि जयंती मंडळाचेही अध्यक्ष. माणूस दिलदार. कुणाच्या पोराची फी अडली तर खिशात हात घालणारा. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून त्यांना कुणी राक्षस समजू नये. राक्षसांशी भांडणं सोपं असतं.

वर्गात मी एकच सवय लावली होती. कुठलाही धडा असो, मुलांनी आधी विचारायचं: हे सांगतंय कोण? आणि ज्याच्याबद्दल सांगतंय, त्याला विचारलं होतं का? पहिल्या वर्षी मुलं हसली. दुसऱ्या वर्षी पालक तक्रार घेऊन आले, की पोरगं घरी बापाला हेच विचारतंय. मला वाटलं, चला, पगार हलाल झाला.

मग नववीत ती मुलगी आली. ती सिद्दी होती. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून कुणी गुलाम म्हणून, कुणी खलाशी आणि सैनिक म्हणून या किनाऱ्यावर आले, त्यांचे हे वंशज. घरचं गाव भरूच जिल्ह्यातलं, बोली अस्सल गुजराती. वडील पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामाला, राहायला डिंडोलीजवळच्या नवागामात. केस दाट कुरळे, रंग माझ्याहून गडद. पहिल्याच दिवशी तिचं नाव "नायजेरिया" पडलं. एकानं विचारलं, तुमच्या घरी हत्ती होता का? तिनं शांतपणे सांगितलं, "मी भरूचच्या पुढे गेलेली नाही. हत्ती सर्कशीत बघितला, तुझ्यासारखाच." मला ती तिथंच आवडली.

आम्ही त्या वर्षी निजामशाही शिकत होतो. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी, म्हणजे आफ्रिकी, मुलगा पुढे त्या राज्याचा वजीर झाला, त्यानं गनिमी काव्यानं मोगलांना जेरीस आणलं, स्वतः वसवलेल्या शहराला नहरीनं पाणी दिलं, आणि महाराजांचे आजोबा त्याच राज्याचे सरदार होते, हे मी वर्गाला सांगितलं. ती मुलगी लिहायचं थांबून माझ्याकडे बघत राहिली. घरी जाताना म्हणाली, "बेन, हे अजून कुणीच सांगितलं नव्हतं."

जयंती जवळ आली. दरवर्षी मंडळाच्या मिरवणुकीत शाळेचा एक देखावा असतो, आयशर ट्रकवर. त्या वर्षीचा विषय ठरला जंजिऱ्याचा विजय. थर्माकोलचा किल्ला, निळ्या साडीचा समुद्र, आणि शेवटी सिद्दी सरदार गुडघे टेकून तलवार खाली ठेवतो. एरवी अशा देखाव्यात कुठल्यातरी पोराला काळा रंग फासून हबशी करायचे. या वर्षी बैठकीत अध्यक्षांनी त्या मुलीलाच बोलावून उभं केलं आणि अगदी कौतुकानं म्हणाले, "यंदा रंगबी लावायला नको. ही तर वरूनच पक्का रंग घेऊन आलीय!" कापडाच्या गावातला विनोद. सगळे हसले. हसण्यात आमच्या मराठीच्या जुन्या बाई होत्या, साड्यांवर टिकल्यांची डिझाइन काढणारे पालक होते, एक भटजीही होते. मुलगीही हसली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत यायची बंद झाली.

आठवडा वाट पाहून मी नवागामात गेले. खोलीत आई साडीवर खडे चिकटवत बसली होती, वडील रात्रपाळी करून उठले होते. मुलगी आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. वडील मिलमधल्या हिंदीत म्हणाले, "मॅडम, मिल में हम लोग रंग में हाथ डालते हैं, शाम को रगड़ के धो लेते हैं. बच्ची क्या धोएगी?" ते म्हणाले, तिला आता आईबरोबर साड्यांच्या कामाला बसवतो, तिथं कुणी बघत नाही. नववीतून. जिला इतिहासाच्या पेपरात वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते तिला खडे चिकटवायला बसवणार.

मी त्यांच्याशी हुज्जत घातली नाही. मुलीला म्हटलं, "एक गोष्ट ऐक आणि मग काय ते ठरव. तो किल्ला कधी पडलाच नाही. महाराजांनी प्रयत्न केले, त्यांच्या मुलानं केले, पण जंजिरा शेवटपर्यंत सिद्दींकडेच राहिला. ट्रकवर जे दाखवणार आहेत ते घडलेलंच नाही."

तिनं मान वळवली. "खोटं आहे?"

"साफ खोटं."

"मग सगळ्यांना ठाऊक असेल ना?"

"ठाऊक असूनही चालवतात."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. मी लगेच अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, हा देखावा बदला. महाराजांच्या नावावर खरं कर्तृत्व थोडं आहे का, की हे उसनं हवंय? ते हसले. "बेन, लोकांना जय पाहिजे. हार बघायला कोण येतं?"

"हार कुठे आहे? जंजिरा पडत नाही म्हणून महाराजांनी समोर समुद्रातच दुसरा किल्ला बांधला. हे दाखवा. जिद्द दाखवा."

"एका आयशरवर दोन किल्ले बसायचे नाहीत," ते म्हणाले. आणि मग जरा आवाज खाली आणून, "तुम्ही फार ताणू नका. तुम्हाला पर्मनंट करायचं यंदा मनात आहे."

घरी वडिलांना सांगितलं. ते आता लूमवर जात नाहीत, पण त्या आवाजानं कान गेलेत, म्हणून ओरडून सांगावं लागलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "तुनी नोकरी जाई ते काय करशी? किल्ला काय भाकर देस का?" मी म्हटलं, नाही देत. मग दोघंही जेवायला बसलो.

देखावा कसा थांबवायचा, याचा मी विचार करत होते. मुलीनं मला विचारलंच नाही. ती सरळ अध्यक्षांकडे गेली आणि म्हणाली, देखाव्यातला सिद्दी सरदार मी होईन. अध्यक्ष खूश. मला म्हणाले, "बघा, पोरीला काही नाही, तुम्हालाच सगळं आहे." मी तिला गाठलं, चिडूनच. "हे काय केलंस?"

ती म्हणाली, "बेन, हुं ऊभी रहीश. घूंटणिये नहीं पडुं." मी उभी राहीन. गुडघे टेकणार नाही.

मला तिला अडवता आलं असतं. धोका काय आहे ते मला दिसत होतं, तिला कदाचित दिसत नव्हतं. पण "हे सांगतंय कोण" असं वर्षभर विचारायला शिकवायचं आणि तिला सांगायची वेळ आली की तोंडावर हात ठेवायचा, हे मला जमण्यासारखं नव्हतं. मी फक्त विचारलं, घरी सांगितलंस का? ती म्हणाली, पप्पा पाळी बदलून येणार आहेत.

मिरवणूक निघाली. डीजे, ढोल, फेटे, गुलाल. ट्रक मुख्य स्टेजपुढे थांबला. मावळा झालेल्या पोरानं तलवार रोखली आणि थर्माकोलच्या तटावर ती उभी होती, हिरव्या अंगरख्यात, तोंडाला कसलाही रंग नाही. ठरलेला क्षण आला आणि ती खाली वाकली नाही. मावळ्यानं पुन्हा तलवार पुढे केली. ती तशीच. स्टेजवरून माइकवर अध्यक्ष ओरडले, "ए, बस! गुडघ्यावर बस!" डीजे कुणीतरी बंद केला. ती मोठ्यानं म्हणाली, मराठीत, आमच्याकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत, "हा किल्ला पडला नव्हता."

गर्दीतून एक पाण्याची पिशवी आली आणि तिच्या खांद्यावर फुटली. ती हलली नाही. मी ट्रकवर चढले आणि तिच्या शेजारी उभी राहिले. मावळा झालेल्या पोरानं आमच्याकडे बघितलं आणि तलवार म्यानात घातली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिचे वडील, ती आणि मी. अध्यक्ष रागापेक्षा दुखावलेले जास्त दिसत होते. त्यांचं म्हणणं, भर गावात माझी शोभा झाली, महाराजांचा अपमान झाला. मुलीनं मंडळापुढे माफी मागायची, नाहीतर दाखला घेऊन जायचं. दाखला तयार होता. वडील जमिनीकडे बघत होते. दुसऱ्या शाळेत नववी संपत आली असताना कुणी घेतं का, तेही या मुलीला, हे त्यांना आणि मला सारखंच ठाऊक होतं. त्या दाखल्याबरोबर ती थेट साड्यांच्या खड्यांकडे जाणार होती.

मी म्हटलं, "शिकवलं मी. तिनं फक्त ऐकलं. कुणाला काढायचंच असेल तर मला काढा. ती दहावीपर्यंत इथंच बसणार, आणि तिला कुणी एक शब्द बोलणार नाही, एवढं लिहून द्या."

"एका सिद्दीच्या पोरीसाठी?" अध्यक्ष म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"तुमच्या शाळेच्या विद्यार्थिनीसाठी," मी म्हटलं आणि तिथंच राजीनामा लिहिला. त्यांनी तो घेतला आणि दाखला फाडला. शब्दाला ते पक्के निघाले, हेही सांगायला हवं.

लोक मला बिचारी म्हणतात. नोकरी गेली म्हणतात. गेली नाही, मी ती खर्च केली, आणि ज्यावर खर्च केली ते मला मिळालं. आता मी दर रविवारी डिंडोलीत एका गच्चीवर मुलं जमवते. इतर शाळा बोलावतात, कधी एकदा बोलावून पुन्हा बोलावत नाहीत. रंगाबद्दल, गुलामीबद्दल, लुटीबद्दल बोलते, दोन्ही बाजूंनी. काही पालक उठून जातात. बसणारे बसतात. पोट भरतं, तुटपुंजं, पण भरतं. वडील आता विचारत नाहीत.

पुढच्या जयंतीला मंडळानं पुन्हा तोच देखावा ठरवला. थर्माकोलचा किल्ला गोदामात पडूनच होता. शाळेत वर्गावर्गांत जाऊन विचारलं, सिद्दी कोण होणार? रंग लावून देऊ, फेटा देऊ, फोटो छापून आणू. तेव्हा ती दहावीत होती, आणि संध्याकाळी तिनंच मला फोनवर सांगितलं. पाचवीपासून दहावीपर्यंत, मराठी, गुजराती, भय्ये, ओडिया, कुठल्याही वर्गातून गुडघे टेकायला एकही मूल उठलं नाही. आणि मी तर त्या शाळेत नव्हतेच.