शोधलं की आधी नंदाच!

मी दिवेआगरात राहते, पण समुद्र बघायला मला सवड होत नाही. कुंपणापलीकडे माझ्या धाकट्या जावेच्या, नंदाच्या, अंगणात पाहुण्यांच्या किती गाड्या उभ्या आहेत ते मला बघायचं असतं.

वादळात दोघींच्याही वाड्यांतली सुपारीची झाडं आडवी झाली, तेव्हा दोघींनी घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. माझ्या खोल्यांत एसी, टीव्ही, चकचकीत फरशी. तिच्याकडे काय? शेणाने सारवलेलं अंगण आणि झोपाळा! तरी शनिवारी तिच्याकडे सहा गाड्या आणि माझ्याकडे एक. (तीही तिच्याच पाहुण्यांची, तिच्याकडे जागा उरली नाही म्हणून लावलेली.)

मे महिना तोंडावर आला, तसा माझा धीर सुटला. म्हसळ्याला मोहितेभाऊंचं झेरॉक्सचं दुकान आहे. आम्हा दोघींच्या वेबसाइट त्यांनीच बनवलेल्या. मी तडक तिथे गेले.

"इंटरनेटवर दिवेआगरात राहायची सोय शोधली की पहिली नंदा येते. आणि मी तिसऱ्या पानावर! का?"

"ताई, दुसऱ्यांच्या साइटवर तुमच्या साइटची लिंक पायजे. चार जनांनी तुमच्याकडं बोट दाखवलं की इंटरनेटला वाटतं, बाई भरवशाची हाय."

"नंदाकडे किती बोटं?"

"असतील पाच-सहा."

"मला पन्नास पाहिजेत!"

आता पन्नास बोटं आणायची कुठून? मग नातेवाईक असतात कशाला? (लग्नात रुसायला, हे एक सोडलं तर.) पहिला फोन यांच्या चुलतभावाला, ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या बाळादादांना.

"टाकतो की वयनी! दोगींचीबी टाकतो."

"दोघींची कशाला? माझी एकटीची टाका!"

"वा! एकीची टाकली नि दुसरीची न्हाय, तर गनपतीत माज्या दारात कोन येल? भावकीत असा भेद चालत न्हाय."

दुसरा फोन वन्संना. त्या पनवेलला मोदकांच्या ऑर्डरी घेतात, त्यांची साइट जोरात आहे. त्या म्हणाल्या, "मला तूही भावजय आणि तीही भावजय. दोघींना साडी सारखी, तर लिंकही सारखी."

म्हटलं, सासरची माणसं अशीच! म्हणून माझ्या सख्ख्या बहिणीला गाठलं. तिचे शिवणाचे क्लास आहेत.

"टाकली गं तुझी. नंदाचीही टाकली."

"तिची का?"

"तिने मला फणसाची साठं पाठवली होती."

"मग मी नाही पाठवली?"

"तुझी आंबट होती."

पंधरा दिवसांत मी अठरा जणांना पटवलं आणि अठराच्या अठरा जणांनी न्यायाने वागून दोघींच्या लिंक टाकल्या! मी तिसऱ्या पानावरून दुसऱ्यावर आले. नंदा होती तिथेच होती, फक्त आता तिला तिथून कोणी हलवू शकणार नव्हतं. जेवताना मी तेच उगाळत बसले. आमचे हे म्हणाले, "अगं, घरातलीच आहे ती." त्यांना मी दोन दिवस बिनमिठाची आमटी वाढली.

शेवटी म्हटलं, आता कोणाच्या पाया पडायचं नाही. माझ्याच साइटवर मी स्वतः एक पान लिहिलं, 'शेजारच्या घरी उतरण्यापूर्वी वाचा'. खोटं एक अक्षर नाही! तिथे पहाटे कोंबडा आरवतो. टीव्ही नाही. आंघोळीचं पाणी लाकडं घालून तांब्याच्या बंबात तापवतात. जेवायला मेनूकार्ड नाही, कोळीण त्या दिवशी जो मासा आणेल तोच खायचा. पाहुण्यांची पोरं दिवसभर वाडीत पाटाच्या चिखलात लोळतात आणि कोणीही ओरडत नाही. लोकांनी स्वतःच बघून खात्री करावी म्हणून खाली तिच्या साइटची लिंक दिली. (पुरावा नको?)

आठवड्याभरात नंदाच्या खोल्या सगळ्या मे महिन्यासाठी भरल्या. मी मोहितेभाऊंना फोन लावला.

"ताई, तुमचं ते पान लई चाललंय! लोक वाचतात नि खालच्या लिंकवरनं थेट नंदाताईंकडं जातात. एवढं मनापासून कौतुक सख्खी बहीन करायची न्हाय."

"कौतुक?"

"मग काय! मला सोताला दोन दिवस जाऊन राहावंसं वाटाय लागलंय."

संध्याकाळी नंदा खांडवीचं ताट घेऊन आली. डोळ्यांत पाणी.

"वहिनी, खरं सांगू? मला वाटायचं तुम्ही माझ्यावर जळता. आणि तुम्ही माझ्यासाठी एवढं लिहिलंत!"

"अगं, त्यात काय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"माझ्याकडे आता जागाच नाही. जास्तीची माणसं तुमच्याकडे पाठवू का?"

मला लाज वाटली, रागही आला. तरी "पाठव" म्हटलं. (खांडवीही उत्तम झाली होती, त्याचा राग वेगळाच.) तिने पाठवलेलं पहिलं कुटुंब आलं, एसी खोली बघितली, सगळीकडे फिरून आलं आणि त्यातली बाई म्हणाली, "छान आहे हो, पण कोंबडा कुठे आहे?"

हल्ली म्हसळ्याला कोणी नवीन साइट बनवायला गेलं, की मोहितेभाऊ लिंकचं नावसुद्धा काढत नाहीत. आधी विचारतात, "तुमच्या शेजारी एखादी जळनारी जाऊ हाय का?"