मालनताईंची पट्टी

मालन गमरे यांनी बेचाळीस वर्षांत रंगमंचावर अकरा दासी, चार सुइणी, दोन कजाग सासवा आणि एक कुंटीण उभी केली. नायिका एकदाही नाही. मी जगदीश, ठाकूरद्वारचा. त्यातली तीस वर्षं मी त्यांच्यासमोर ऑर्गनवर बसलो, म्हणून हे सांगायचा मला अधिकार आहे असं मी समजतो. त्यांना विचाराल तर म्हणतील, त्याला काय कळतंय.

जन्म परळच्या चाळीतला. वडील गुणाजी आठवडाभर गिरणीत मागावर आणि सुट्टीच्या दिवशी भीमजलशात ढोलकीवर. आवाज वडिलांचाच आला, भरदार, मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा, कारण जलशात माइक मिळेलच याची खात्री नसायची. मालनताई दिवसा इस्पितळात आयाची नोकरी करायच्या. एका संध्याकाळी त्या गिरगावात आमच्या संगीत नाटक मंडळीत येऊन उभ्या राहिल्या. तेव्हाचे मालक म्हणाले, "आवाज खणखणीत आहे, पण चेहरा दासीचा."

"दासीचा चेहरा कसा असतो? काढून दाखवा जरा," मालनताई म्हणाल्या.

मालकांनी काही काढून दाखवलं नाही, भूमिका मात्र दासीचीच दिली. अडचण चेहऱ्याची नव्हती, आडनावाची होती. बारा वर्षांनी मी मंडळीत आलो तेव्हा मलाही ते कळत होतं, आणि मीही तोंड उघडलं नाही.

मिळालं त्याचं त्यांनी सोनं केलं. म्हातारी बाई खाटेवरून उठताना आधी कुठे हात टेकते, सुईण हात कसे धुते, हे त्यांनी इस्पितळात बघून ठेवलेलं. नायिका विरहात गात असे तेव्हा मालनताई मागे नुसता पदर खोचत आणि निम्मं थिएटर तिकडे बघे. नायिका चिडायच्या, त्यांना हलू नका म्हणून सांगा म्हणायच्या.

"मी काय खांब आहे?" मालनताई विचारायच्या आणि हलायच्या.

प्रत्येक नाटकात त्यांना एखादं पद असायचंच. इथे माझं पाप आहे. ऑर्गनवाला गायकाला त्याची पट्टी विचारतो, म्हणजे गळ्याला कुठला सूर सोयीचा ते विचारतो. आमच्याकडे पट्टी नायिकेला विचारायची आणि अख्खं नाटक त्या पट्टीत बांधायचं, अशी पद्धत. दासीला कोण विचारतो? नायिका काळी पाचमध्ये गायची, म्हणून मालनताईही काळी पाचमध्ये, परक्या उंचीवर, गळा ताणून गायल्या. परीक्षणात यायचं, 'दासीचा स्वर किंचित चिरका.' ते वाचून मी मान डोलवायचो. गाढव होतो.

मागच्या वर्षी निलेश नावाच्या तरुण निर्मात्याने आमचं जुनं नाटक पुन्हा काढलं. पाच तासांचं दोन तासांत बसवलं आणि सगळी पदं रेकॉर्ड करून ट्रॅकवर टाकली. ऑर्गन दिसायला छान म्हणून ठेवला. मी फेटा बांधून बसायचं, भात्यावर पाय मारायचे नाहीत, नुसती बोटं फिरवायची. मी हो म्हटलं. मालनताईंचं पद रश्मी नावाच्या पंचविशीतल्या गायिकेकडून गाऊन घेतलं होतं, आणि हे मालनताईंना तालमीत ट्रॅक वाजल्यावर कळलं.

"ताई, फक्त लिप-सिंक," निलेश म्हणाला. "या वयात दम लागतो, तुम्हालाच आराम."

"मला दम लागतो हे तुला कुणी सांगितलं? परळच्या पुलाचे जिने रोज चढते मी."

नायिकेचं काम करणारी अनुजा समजुतीने म्हणाली, "ताई, सगळेच करतायत ना."

"तुझ्या टेपात तुझाच आवाज आहे, बाई. माझ्या तोंडात दुसरीचा घातलाय."

बाहेर पडताना त्या मला म्हणाल्या, "हे माझं शेवटचं नाटक, जगदीश. जाताना उसन्या गळ्याने नाही जाणार." मी म्हटलं, "जाऊ द्या ताई." मी असंच म्हणत आलो आहे.

पहिला प्रयोग दादरला, रविवारी दुपारी. दुसऱ्या अंकात दासी सूप घेऊन तांदूळ निवडत बसते आणि गाते. ट्रॅक सुरू झाला. मालनताईंनी ओठ घट्ट मिटले आणि तांदूळ निवडत राहिल्या. रश्मीचा गोड आवाज थिएटरभर फिरतोय आणि दासीचं तोंड बंद. लोक कुजबुजले, मग हसायला लागले. विंगेतून निलेश हातवारे करत होता. पद संपलं. मालनताईंनी सूप खाली ठेवलं.

"झालं शेजारणीचं गाऊन? आता आमचं ऐका." मग माझ्याकडे बघून, "जगदीश, सूर दे."

माझे पाय आपोआप चालले. सवयीने काळी पाच दिली. त्यांनी मान हलवली.

"हा तिचा. माझा दे."

मला त्यांचा सूर माहीतच नव्हता. तीस वर्षं समोर बसून माहीत नव्हता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. त्या माझ्यासाठी थांबल्या नाहीत, सुरू झाल्या. मी पट्ट्या चाचपत त्यांच्या मागे गेलो आणि सूर सापडला तो पांढरी चारवर, खूप खाली. चिरका कुठला, गुणाजींचा तो भरदार आवाज होता. मी तो पहिल्यांदा ऐकत होतो आणि मला रडू येत होतं. बाल्कनीतून 'वन्स मोअर' आला. त्यांनी दिला. दुसरा आला तेव्हा म्हणाल्या, "आता तांदूळ निवडू द्या, घरी माणसं उपाशी आहेत."

प्रयोगानंतर त्या तेलाने रंग पुसत बसल्या होत्या, तिथे निलेश आला. चिडलेला होता, पण मूर्ख नव्हता.

"पब्लिकला आवडलं, मान्य. ताई, तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करू, तुमच्याच पट्टीत. मग तर प्रॉब्लेम नाही?"

आम्ही सगळे सुटलो. मीसुद्धा म्हटलं, "घ्या ताई, जिंकलात."

"कर की रेकॉर्ड," मालनताई म्हणाल्या. "मी मेल्यावर लाव. जिती आहे तोवर मी स्वतः येते ना."

"आणि एखाद्या दिवशी सूर चुकला तर?"

"तर चुकलेला माझा असेल."

निलेशने त्या पदाचा ट्रॅक काढला. तिसऱ्या प्रयोगात सूर खरंच चुकला. मालनताई थांबल्या, घसा खाकरला आणि पद पहिल्या ओळीपासून पुन्हा गायल्या. एकही माणूस उठला नाही.