तलवारीच्या दर्शनाला अप्पा

परगावी उतरलं की माणसं चांगली खानावळ विचारतात, फार तर देऊळ विचारतात. आमचे शिवलिंगअप्पा स्टँडवरच्या पहिल्याच रिक्षावाल्याला विचारायचे, "काय वो, तुमच्या गावात जपानी तलवार कुठं बघायला मिळती?" औशाला लग्नाला गेले तर तिथल्या एका गड्यानं त्यांना किल्ल्यावर पिटाळलं. नांदेडच्या दुकानदारानं डझनभर तलवारी काढून मांडल्या, तेव्हा अप्पा अगदी नम्रपणे म्हणाले, "लई चांगल्या हायत, पण जपानी न्हाईत." परभणीत एकानं "जपानी न्हाई, चायनीज हाय" म्हणून त्यांना नूडल्सच्या गाड्यासमोर नेऊन उभं केलं. अप्पांनी तिथं एक प्लेट खाल्ली आणि पुन्हा चौकशीला लागले.

लातूरच्या गंजगोलाईत अप्पांचं विळे, खुरपी, अडकित्ते विकायचं दुकान होतं. शेजारी माझं कापडाचं. त्यांच्या गल्ल्यामागं कुठल्याशा पंपाच्या कंपनीचं जुनंपानं कॅलेंडर टांगलेलं असे. त्यावर एक जपानी चित्र होतं, पाण्यात उभा पांढरा करकोचा आणि त्याच्या पायाशी आडवी ठेवलेली तलवार. दर खंडेनवमीला अप्पा दुकानातल्या झाडून सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहायचे आणि उरलेलं बोट त्या छापील तलवारीला लावायचे. त्यापायी करकोचा गुडघ्यापर्यंत पिवळा झाला होता.

"आपली बाई पोळीला घडी घालती का न्हाई, तशी ती माणसं लोखंडाला घालतात," ते गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाईक बिचारं खुरपं न्यायला आलेलं असे. आणि हा तलवारीचा भक्त स्वतः इतका भित्रा, की पानाची सुपारीसुद्धा माझ्याकडून कातरून घ्यायचा!

मग अप्पांना काचबिंदू निघाला. त्यांचा मुलगा पुण्याला, म्हणून हैदराबादच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. उजवा डोळा गेलेलाच होता. डाव्याचीही नजर आता फार दिवस टिकायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. अप्पा म्हणाले, "डॉक्टरसाब, आपके शहर में जपानी तलवार किधर देखने को मिलती?"

डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "म्यूझियम में है ना," ते म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा संग्रहालय बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. जपानी दालनात पंखे होते, बाहुल्या होत्या, चिनीमातीच्या बरण्या होत्या आणि पार टोकाला काचेच्या पेटीत ती होती. मी म्हटलं, "अप्पा, चला लवकर." पण अप्पांनी दारातच चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला आणि हात जोडून उभे राहिले. देवळात एकदम गाभाऱ्यात घुसायचं नसतं, ही त्यांची रीत.

त्याच वेळी सहलीला आलेल्या बायकांचा एक घोळका मागून आला. म्हातारा अनवाणी, हात जोडलेले, समोर काचेत काहीतरी चमकतंय. बायकांनी भराभर चपला काढल्या आणि पुढं जाऊन रांग धरली. त्यांच्यामागं त्यांचे नवरे. "कौनसे देव हैं?" एकानं मला विचारलं. मी काय सांगणार, कपाळ? तोवर कुणीतरी पेटीवर दहाची नोट ठेवली होती.

रखवालदार धावत आला. "क्या करते जी तुम लोगां? ये तलवार है, देवी नक्को समझो!" कुणी ऐकेना. शेवटी बिचारा काठी आडवी धरून रांगच लावायला लागला, "एक-एक आओ, धक्का नक्को." अप्पा मुकाट्यानं शेवटी उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, ही तुमचीच तलवार, पुढं घुसा की." ते म्हणाले, "रांग म्हंजे रांग, दिगंबर."

त्यांचा नंबर आला आणि संग्रहालय बंद व्हायची घंटा झाली. अप्पा जेमतेम पेटीसमोर उभे राहिले, तोच रखवालदारानं त्यांच्या खांद्याला धरून पुढं सरकवलं. "चलो, अप्पा, हो गया दर्शन." मी हसून हसून बेजार झालो होतो. अप्पा बाहेर येऊन चपला शोधत होते, चेहरा तृप्त.

पुढं डावा डोळाही गेला. मुलानं दुकान भाड्यानं दिलं, पण अप्पा माझ्या गादीवर येऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तलवार सांगत. मूठ निळी, तिला गोंडा, पात्यावर मोर. एकदा मला राहवलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणालो, "अप्पा, मूठ काळी होती. मोर तर नव्हताच."

ते हळूच म्हणाले, "काळी व्हती व्हय? मला कुठं दिसली रे. समोर गेलो, हात जोडले आणि डोळे मिटले. सवय जन्माची. उघडले तवर त्यानं ढकललं व्हतं."

मी गादीवर सरकून त्यांच्याजवळ बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो, की ती थोडी वाकलेली होती, मुठीवर काळी फीत गुंडाळलेली होती, धारेच्या कडेनं टोकापर्यंत एक पांढुरकी नागमोडी रेघ गेली होती. बघतो तर अप्पांनी हात जोडलेले आणि डोळे घट्ट मिटलेले.

"अप्पा, डोळे तरी उघडा!" मी ओरडलोच.

"असू दे," ते म्हणाले, "तू सावकाश सांग. आज मागं रांग न्हाई."